हरेश्वरने मागितलेली प्रार्थना

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमची कंपनी लडाखमधल्या पोस्टवर चढली. मी हवालदार शमुवेल साळवे, राहणार कामतघर, भिवंडी. कंपनी हेडक्वार्टरच्या बंकरमध्ये रेडिओ सेटवर माझी ड्युटी होती. वर सहा पोस्ट आणि सगळ्यांचा रेडिओ नेट, म्हणजे बोलण्याची लाइन, एकच. एकजण बटण दाबून शिंकला तरी सगळ्यांना ऐकू जायचं.

सर्वांत वरच्या पोस्टवर नाईक हरेश्वर पाटील होता, अकलोलीचा. पलटणीत भिवंडी तालुक्यातले आम्ही दोघेच, त्यामुळे तो मला गाववाला म्हणून चिकटला होता. थंडीने बोटं बधिर झाली की मुद्दाम अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांच्या गोष्टी काढायचा. आम्ही शिव्या दिल्या की त्याला बरं वाटायचं.

माझे वडील कामतघरला पॉवरलूमवर कामाला होते. रविवारी आमच्या चाळीतल्या खोलीत प्रार्थनेला दहा-बारा माणसं जमायची. कारखान्यात कुणी विचारलं की वडील लूमच्या खडखडाटातही ओरडून येशूबद्दल सांगायचे. लोक हसायचे. मला त्यांची लाज वाटायची, हे आज कबूल करतो. मी भरती झालो तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "कुणाच्या मागे लागू नको. पण कुणी विचारलं तर लपवू नको."

मी चौदा वर्षं लपवलं. रविवारी मंदिर परेडला सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या, प्रसाद घेतला. त्यात मला काही वावगं वाटत नाही. पलटण एक, तिची परेड एक. पण माझ्या देवाबद्दल माझ्या तोंडून कुणी चकार शब्द ऐकला नव्हता. पोरं मला 'पाद्रीसाब' म्हणायची. मी हसून विषय बदलायचो. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, असं मनाला समजावलं होतं. खरं तर वैर कुणी करतच नव्हतं.

हरेश्वरच्या मात्र एक गोष्ट ध्यानात आली होती. वर चढण्याआधी आम्ही महिनाभर बेस कॅम्पला एका टेंटमध्ये होतो. जेवणाआधी मी डोळे मिटून पुटपुटायचो. त्याने एकदा विचारलं, काय म्हणतोस रे. मी म्हणालो, काही नाही, सवय आहे. त्यावर तो म्हणाला, "मोठ्यानं म्हन की एकदा. आयकायला बरा वाटंल." मी म्हणालो, म्हणेन कधीतरी.

ऑक्टोबरमध्ये तीन दिवस सलग बर्फ पडला. तिसऱ्या दिवशी सकाळी सातच्या रिपोर्टमध्ये कळलं की हरेश्वरला धाप लागली आहे. दहा वाजता तिथल्या नर्सिंग असिस्टंटने हापो असल्याचं सांगितलं. त्यात माणसाच्या फुफ्फुसात पाणी भरतं आणि खाली आणणं हाच खरा उपाय. खाली येणारी वाट हिमस्खलनाने बंद झाली होती. हेलिकॉप्टर मागितलं. ढगांमुळे ते दोनदा निघालं आणि दोनदा परतलं.

दुपारी दोन चाळीसला वरच्या पोस्टने मला बोलावलं. नर्सिंग असिस्टंट म्हणाला, पाटीलला बोलायचं आहे. मग हरेश्वरचा आवाज आला. एकेका शब्दाला थांबत होता.

"साळवे, ती तुझी प्रार्थना... म्हन. ओव्हर."

मी "वेट, आउट" म्हणालो, म्हणजे जरा थांब. मागे मेजरसाहेब उभे होते. त्यांना मराठी येत नव्हतं. पाटील काय म्हणाला, ते त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. त्यांनी हँडसेट घेऊन सर्व स्टेशनांना गप्प राहण्याचा हुकूम दिला. मग हँडसेट माझ्या हातात परत ठेवला.

"बोल दो, साळवे. नेट पर और कोई नहीं बोलेगा."

सहा पोस्ट ऐकत होत्या. त्या क्षणी माझ्या मनात हरेश्वर नव्हता. उद्या पोरं काय म्हणतील, हे होतं. मरत्या माणसाला बाटवला म्हणतील, हे होतं. मी बटण दाबलं आणि विचारलं, "ऑक्सिजन किती शिल्लक आहे? ओव्हर."

नर्सिंग असिस्टंटने उत्तर दिलं, एक सिलिंडर. हरेश्वर पुन्हा काही बोलला नाही. चार वाजून दहा मिनिटांनी तो गेला. मेजरसाहेबांनी मला त्याबद्दल कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पार्थिवाबरोबर मी अकलोलीला गेलो. त्याच्या आईने विचारलं, शेवटचं काय बोलला. मी म्हणालो, तुमचं नाव घेतलं. तिने ते गावभर सांगितलं.

आता मी रिटायर आहे. भिवंडीजवळ दापोड्याला एका गोदामावर सिक्युरिटी सुपरवायझर आहे. दर ऑक्टोबरला अकलोलीला जायचो, म्हातारीच्या हातचा चहा प्यायचो आणि गप्प परत यायचो. सहा वर्षं असंच चाललं. गेल्या ऑक्टोबरला चहा अर्धाच झाला होता. कप खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

म्हातारीने मान खाली घालून ऐकलं.

"माझ्या पोरानी मागला, न तू दिला न्हाय?"

"नाही दिलं, आई."

"का रं?"

"लाज वाटली."

तिने माझा कप उचलून बाजूला ठेवला. आता मला हाकलून देईल असं वाटलं, आणि तसं केलं असतं तर माझी तक्रार नव्हती. मग तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि ओटीवर माझ्यासमोर बसली.

"म्हन आता. मना आयकू दे."

मी डोळे मिटले आणि मोठ्याने प्रार्थना म्हटली. माझे वडील चाळीत म्हणायचे तशी, साध्या मराठीत, हरेश्वरचं नाव घेऊन. आवाज दोनदा फुटला तरी मिनिटभरात संपली.

डोळे उघडले तेव्हा ती माझ्याकडेच बघत होती.

"एवढाच व्हता?" तिने विचारलं.

"एवढंच, आई."