फुलंब्रीपुढचा कडा, दोन दोर आणि मी एकटी

समीनाचं मनगट प्लास्टरमध्ये गेलं आणि आमचा हिवाळा वाया जायची चिन्हं दिसू लागली. आम्ही दोघी कायम जोडीनं चढतो; एक चढते, दुसरी खालून दोर सांभाळते. शेवटी मी ठरवलं, एकटीनं जायचं. समीना फोनवर म्हणाली, "जा, पर दुसरा दोर लावल्याशिवाय पाय उचलू नकोस. और उसका आधार अलग."

सकाळी स्कूटर काढली. सिल्लोडचा रस्ता फुलंब्रीपर्यंत झकास आहे. तिथं पोहे आणि चहा उरकून घ्या, पाणी भरून घ्या. पुढं काही मिळत नाही. नंतर कच्ची वाट आणि कपाशीची शेतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते वाचल्यावर कळेल.

कड्याखालच्या शेतात कौसाबाई कापूस वेचत होत्या. आमची गाडी नेहमी त्यांच्याच बांधावर असते.

"आज एकलीच व्हय? ती दुसरी पोरगी कुठंय?"

"हात मोडलाय तिचा."

"मग तुला धरणार कोण?"

"दोर धरंल, मावशी."

त्या हसल्या नाहीत.

वर जायची पायवाट त्यांच्या शेतावरूनच जाते. माथ्यावर आम्हीच पूर्वी कातळात ठोकलेले दोन बोल्ट आहेत. पहिला दोर त्यांना बांधला. प्रत्येक बोल्टमध्ये एक स्क्रूची लोखंडी कडी, म्हणजे कॅराबिनर; दोन्हींचे स्क्रू घट्ट. दुसरा दोर मागच्या हिवराच्या झाडाच्या जाड बुंध्याला. दोरांना कड्याची धार लागते तिथं जुनी सतरंजी घातली. दोन्ही दोर हळूहळू खाली सोडले आणि पायवाटेनं उतरले.

नव्यानं करणाऱ्यांसाठी थोडक्यात: कमरेच्या पट्ट्याला दोन पकडी असतात, प्रत्येक दोरावर एक. आपण चढतो तशी पकड दोरावरून वर सरकते. पडलो तर आवळते. दोर ताणलेला राहावा म्हणून टोकाला पाण्याची बाटली टांगायची. शिवाय दुसऱ्या दोराला पकडीखाली अधूनमधून गाठ मारत जायची, म्हणजे पकड घसरली तरी गाठीवर अडते. जमिनीवरच दोन्ही दोरांवर आळीपाळीनं सगळं वजन टाकून लटकले. पक्कं होतं.

अर्ध्यापर्यंत मजेत गेले. मग वारा पडला. पाखरांचा आवाजही थांबला, हे मला जरा उशिरा जाणवलं. पहिला दोर हलकेच वर ओढला गेला. खेळकरपणे नाही, जोडीदार ढील काढून घेतो तसा, बेतानं.

"कोण आहे वर?" मी ओरडले.

थोडी माती डोक्यावर सांडली. पुन्हा एकदा तसाच ओढा आला, आणि मग तो सबंध दोर सळसळत माझ्या खांद्यावरून खाली गेला.

दचकून हात सुटले. वीतभर पडले आणि दुसऱ्या दोरानं मला धरलं.

किती वेळ कड्याला कपाळ टेकून होते, सांगता येत नाही. पहिला दोर कमरेच्या पकडीला लोंबत होता. त्याचं वरचं टोक ओढून हातात घेतलं. गाठ जशीच्या तशी. गाठीत दोन्ही कड्या होत्या, आणि दोन्हींचे स्क्रू घट्ट फिरवलेले होते.

म्हणजे बोल्टमधून कड्या कोणीतरी उघडून काढल्या होत्या, आणि काढून पुन्हा बंद केल्या होत्या.

आता उरलेला दोरही वरच बांधलेला होता. खाली उतरायचं तरी त्याच्यावरच, वर जायचं तरी त्याच्यावरच. वर काय आहे ते न बघता त्याला लटकून राहणं मला सहन होईना. दर दोन पावलांना गाठ मारत चढले. हात इतके घामेजले होते की कमरेच्या पिशवीतली चॉकची पूड पुरेना.

माथा रिकामा होता. नजर जाईल तिथवर वाळलेलं कुसळ, लपायला एक खडक नाही, हिवराच्या मागंही कोणी नाही. बोल्ट जागच्या जागी. हिवराची गाठ मी बांधली तशीच. मी जवळजवळ धावतच उतरले.

कौसाबाई बांधावर पाणी पीत होत्या.

"मावशी, वर कोण गेलं होतं?"

"कोणी नाय. वाट हीच एक. मी इथंच हाय सकाळपासून." मग त्यांनी विचारलं, "पर तू मघाशी हाक कशाला मारलीस?"

"मी 'कोण आहे वर' म्हणाले ते?"

"ते नाय गं. त्याच्या नंतर. 'दोर सोडते' म्हणालीस. वरून."

वरून दोर टाकताना आम्ही हीच आरोळी देतो. त्या दिवशी खाली कोणी नव्हतं, म्हणून मी ती दिलीच नव्हती.

"माझाच आवाज होता?"

"व्हय, तुझाच की."

घरी आल्यावर समीनानं सगळं दोनदा सांगायला लावलं. माझ्याकडून कड्या नीट लागल्या नसतील, असं ती म्हणाली. असेलही, पण मी त्या दोराला लटकून पाहिलं होतं. मी चढणं सोडलेलं नाही, त्या कड्यावर मात्र परत गेले नाही. एकट्यानं चढणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: दुसरा दोर, वेगळ्या आधाराला. आज हे लिहितेय ते त्याच्यामुळं.

"आणि कौसाबाईंना काय सांगितलंस?" समीनानं विचारलं.

"मीच ओरडले म्हणाले."

"झूठ का?"

"त्यांना उद्याही तिथंच कापूस वेचायचा होता, समीना. एकटीनं."