वस्त्रगाळ हळद आणि आबांचा कान

माघातल्या एका सकाळी बर्फाची पेटी सांभाळत मी कामशेतला उतरले. हळदीतला औषधी अंश पाण्यात विरघळत नाही, कातडीत नीट शिरत नाही. त्याचे डोळ्यांना न दिसणारे नॅनोकण केले तर कातडीच्या कॅन्सरवर ते चालतील का, हे आमची प्रयोगशाळा तपासते. त्यासाठी ताजी, कच्ची हळद हवी होती. वडिवळ्याच्या सखूमावशींना तसं फोनवर बजावलं होतं.

रिक्षानं मोकळ्या भातखाचरांमधून त्यांचं घर गाठलं. घरामागच्या परड्यात बघते तर एक कंद शिल्लक नाही! मावशींनी सगळी हळद उकडून, वाळवून, दळून ठेवली होती.

"पावण्याला कच्ची हळद कोन देतं? आन् तुला बारीक लागती ना? धा येळा वस्त्रगाळ केलीया!"

मी कपाळाला हात लावला. पेटीतला बर्फ निमूटपणे वितळत होता.

तांदळाची भाकरी आणि पावट्याचं कालवण वाढलं, तेवढ्यात मावशींचे यजमान आबा आले. एक कान हळदीनं पिवळाधमक.

"वरीस झालं, जखम भरंना," ते म्हणाले. "तुमचं औषिद येतंय म्हून थांबलोय, ताई."

मी घाबरले. आमचं औषध अजून काचेच्या बशीबाहेर पडलेलं नाही, आणि हे त्याच्यासाठी कान घेऊन बसलेले!

"आबा, त्याला कितीतरी वर्षं लागतील. आजच डॉक्टरांकडं चला."

"आन् तुमची हळद?"

"राहू दे. आधी कान."

"उठा की आता!" म्हणत मावशींनी त्यांच्या डोक्यावर टोपीच ठेवली.

लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांपुढची गर्दी चुकवत आम्ही त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडं पोचलो. हळदीच्या थराखाली त्यांना काही दिसेना. तीनदा धुतला तरी कान नवरदेवाचाच! शेवटी त्यांनी जखमेचा बारीक तुकडा तपासणीला काढला. मी पेटीत चिक्की आणि वस्त्रगाळ हळद भरून पुण्याला परतले, आणि रोज फोनकडं बघत राहिले.

आठवड्यानं मावशींचा फोन आला. "कॅन्सरच निगाला. पर येळंत गावला. तेवढाच भाग कापून निगंल म्हनली डाक्टरीन."

माझे डोळे भरून आले.

"तुजं औषिद झालं का गं?"

"नाही हो मावशी, अजून लय वेळ आहे."

"मग सावकाश कर. फुडल्या साली कच्ची ठिवते. ह्यांना आता घाई न्हाई."