बाइंडर चाचांचा आयरिश जज्ज

शहागंजात आम्हा वकिलांची पुस्तकं बांधून देणारे एक चाचा आहेत. ओळख पंधरा वर्षांची, पण नाव मी कधी विचारलं नाही. बोलताना त्यांचा रिकामा हातही सुईदोरा ओढल्यासारखा हलतो.

गेल्या वर्षी त्यांना रद्दीत एका आयरिश बॅरिस्टरचं आत्मचरित्र सापडलं. डब्लिनमध्ये पक्षकार मिळेनात म्हणून हा गृहस्थ मुंबईला आला आणि इंग्रजांच्या कोर्टात जज्ज झाला. भिजून चिकटलेली पानं चाचा वाफेवर एकेक सोडवत आणि डिक्शनरी घेऊन वाचत. मी गेले की सांगत, "आज जज्जसाहेब जहाजात लई आजारी पडले, वकीलबाई!"

मग एका गाडीवानाच्या फाशीचं प्रकरण आलं. जज्जाला साक्षीदार खोटा वाटत होता आणि नेमकी पुढची पानं घट्ट चिकटलेली. चाचा महिनाभर बेचैन होते.

परवा ते पेढ्यांचा डबा घेऊन धापा टाकत कोर्टात आले. "सुटला, वकीलबाई! जज्जसाहेबांनी फाशी रद्द केली!"

"चाचा, शंभर वर्षं होऊन गेली त्याला."

"मला तर आज कळलं ना!"

दिसेल त्याला ते पेढा देऊ लागले. मुलाच्या जामिनासाठी बाकावर बसलेल्या एका बाईंनी विचारलं, "कोण सुटलं, बाबा? तुमचा पोरगा व्हय?"

चाचांचा हात हवेतच थांबला. "नाय, माय. पण बेकसूर होता."

बाईंनी पेढा कपाळाला लावला आणि पदराच्या टोकात बांधून ठेवला.