बदली पंच आणि शेजारचा पोरगा

इथे अमेरिकेत, कॅरी गावातल्या आमच्या क्रिकेट लीगमध्ये पगारी पंच नव्हते. बॅटिंग करणाऱ्या टीमचे जे आउट होऊन परत येतील, त्यांनीच डोक्यावर पांढरी टोपी घालून पंच म्हणून उभं राहायचं. मी सलामीला जायचो आणि बहुतेक वेळा लगेच परत यायचो. त्यामुळे बॅट्समन म्हणून नाही, पण पंच म्हणून माझं बरं नाव झालं. त्यातून एक खोड लागली. कुठलाही खेळ असो, सगळे बॉलकडे बघत असतात तेव्हा मी पायांकडे, रेषेकडे आणि पंचाच्या हाताकडे बघतो. बायको म्हणायची, "यार, तू मॅच एंजॉय करायला जातोस की इन्स्पेक्शन करायला?"

2001 मध्ये आमच्या शेजारणीचा मुलगा व्यावसायिक फुटबॉलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवी पोरं वाटून घेतात त्यात, निवडला गेला. फुटबॉल म्हणजे इथला, बॉल छातीशी धरून पळायचा. शेजारीण स्कूल बस चालवायची, मुलाला एकटीनं वाढवलं होतं. आमच्याकडे येणारी मराठी पोरं मला काका म्हणतात हे ऐकून त्याला लहानपणी तेच माझं नाव वाटलं, मग त्याच्या आईलाही. तर या पोराला शार्लटच्या संघानं घेतलं, पण अगदी शेवटी शेवटी. अशा मुलांची निवड झाली तरी नोकरी पक्की नसते. उन्हाळाभर सराव करायचा, आणि सरावाचा शेवटचा सामना झाला की संघ बऱ्याच जणांना घरी पाठवतो. त्या सामन्यात मोठे खेळाडू बाकावर बसतात आणि अशा पोरांना मैदान मिळतं. म्हणजे जे काय दाखवायचं ते त्याच संध्याकाळी.

आणि नेमकं तेव्हाच लीगचे मालक आणि पंच यांचं पगारावरून फाटलं. मालकांनी टाळेबंदी केली, नेहमीचे पंच बाहेर, आणि कुठून कुठून गोळा केलेले बदली पंच आत. सरावाच्या सामन्यात काय बिघडतंय, असं मालकांना वाटलं असणार. माझं डोकंच फिरलं. बड्या खेळाडूंचं काहीच बिघडणार नव्हतं. बिघडलं तर या नव्या पोरांचं, आणि त्यांना तर तक्रार करायचीही सोय नाही. शार्लटपर्यंतच्या रस्त्यात मी हेच बडबडत होतो. शेजारीण शांतपणे गाडी चालवत होती. शेवटी ती एवढंच म्हणाली की काका, तुम्ही पंचांवर लक्ष ठेवा, मी पोरावर ठेवते.

स्टेडियम अर्धं रिकामं होतं, पण मला काय त्याचं! आमचा पोरगा नवी जर्सी घालून खाली उभा होता. त्याचं काम एकच, समोरच्यांनी लाथेनं उडवलेला बॉल झेलायचा आणि पळत सुटायचं. पहिल्या अर्ध्यात त्याला उतरवलंच नाही. उतरवलं तेव्हा पहिलाच बॉल त्यानं झेलला, दोघांना चकवलं आणि थेट दुसरं टोक गाठलं. आई किंचाळत उभी राहिली. मी मात्र सवयीनं मागच्या कोपऱ्यात बघत होतो. तिथे आमच्या एका खेळाडूनं समोरच्याला खांद्यानं अडवलं, अगदी समोरून, म्हणजे नियमात. बदली पंच क्षणभर गोंधळला आणि मग फाउलची खूण म्हणून खिशातला पिवळा रुमाल काढून फेकला. पाठीमागून धक्का दिला म्हणे! सगळी धाव रद्द.

मी घसा फोडून ओरडलो. मला स्वच्छ दिसलं होतं, पण ऐकतो कोण. शेजारीण मटकन खाली बसली. पोरानं बॉल पंचाच्या हातात दिला आणि मान खाली घालून बाकाकडे गेला. अशी धाव पुन्हा कुठून जमायची?

सामना संपत आला तेव्हा समोरच्यांना परत बॉल उडवावा लागला. उंच, लांब. पोरगा तो झेलेपर्यंत तिघे त्याच्या अंगावर आले होते. एकाच्या हातातून तो निसटला, दुसऱ्याला वळसा घातला आणि कडेच्या रेषेला लागून सुटला. रेषेवरचा बदली पंच धापा टाकत पार मागे राहिला. पोरगा पळतोय, मी ओरडतोय, कुठल्या भाषेत ते देव जाणे. तो शेवटच्या रेषेपलीकडे जाऊन पडला, आणि समोरचे खेळाडू लगेच बोटं दाखवायला लागले, पाय बाहेर पडला, पाय बाहेर पडला. पंचांनी डोकी एकत्र केली.

शेजारणीनं माझा दंड घट्ट धरला. "काका, तुम्ही पायच बघता ना? खरं सांगा, आत होता का?"

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मी रेष पाहिलीच नव्हती. पायही नाही, पंचही नाही.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी त्याच्याकडेच बघत होतो."

ती हसली आणि रडलीही. तेवढ्यात खाली पंचानं दोन्ही हात वर केले. धाव मान्य. सामना सरावाचाच, त्यामुळे समोरच्या कोचनंही पुढे वाद घातला नाही. आम्ही दोघं वेड्यासारखे नाचलो.

पण संघात कोण राहिलं त्याची यादी लागायची होती. रविवारी आमची मॅच होती. मी नेहमीप्रमाणे लवकर आउट होऊन टोपी घालून उभा होतो, पण जीव टांगणीला लागला होता. बोलर धावत येत असतानाच पार्किंगमधून हॉर्न ऐकू आला, मोठा, न थांबणारा. शेजारीण गाडीतून उतरली आणि तिनं तिथूनच दोन्ही हात सरळ वर केले. पोरगा संघात राहिला होता.

इकडे बॉल कीपरच्या हातात गेला होता आणि सगळी फील्डिंग साइड माझ्याकडे वळून अपील करत होती. मी काहीच पाहिलं नव्हतं. मी तिच्याकडे बघून दोन्ही हात वर केले, आणि आमच्या स्कोअररनं निमूटपणे सहा रन लिहिले.