चार वाजताचा धडा

आमच्या यांना सगळे मास्तर म्हणतात. कुत्र्यांना वळण लावण्यात बावीस वर्षं गेली. ज्या मालकाची शाळा त्यांनी नावारूपाला आणली, त्याने एके दिवशी त्यांच्या जागी जावयाला बसवलं आणि यांना घरचा रस्ता दाखवला. वर जो भेटेल त्याला सांगितलं, मास्तरांचं वय झालं. ते यांच्या जिव्हारी लागलं. मी तर रोज त्या माणसाच्या नावाने बोटं मोडायचे.

आणि ऐन थंडीत तोच दारात हजर, कोटाच्या आत दोन महिन्यांचं पिल्लू घेऊन. नातीसाठी आणलेलं. या वयात जगाची ओळख झाली नाही तर कुत्रं जन्मभर बुजरं राहतं, आणि बाहेर तर हाडं गोठत होती.

"घरातच सगळ्याची सवय करून द्या, महिनाभर," तो किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत म्हणाला. ती त्याची जुनी खोड.

तो गेल्यावर मास्तर म्हणाले, "असं तयार करतो, की सगळ्यांसमोर शेपूट हलवेल आणि याला बघून पलंगाखाली शिरेल."

"नातीदेखत," मी म्हटलं. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

शिकवणी झकास चालली. मिक्सर, उघडणारी छत्री, दाढीवाला इलेक्ट्रिशियन, काठी टेकत येणाऱ्या शेजारच्या आजी. प्रत्येक ओळखीला खाऊ. फक्त रोज चार वाजता मास्तर आमच्या किल्ल्या खुळखुळवायचे आणि फरशीवर स्टीलचं ताट आदळायचे. ताट मीच निवडून दिलं होतं. पिल्लू थरथर कापायचं. मला वाईट वाटायचं, नाही असं नाही, पण ती बावीस वर्षं आठवली की वाटेनासं व्हायचं.

महिन्याने मालक नातीला घेऊन आला. खुर्चीत बसून सवयीने किल्ल्या खुळखुळवल्या. पिल्लू जागच्या जागी थिजलं. मग त्याने मास्तरांकडे पाहिलं आणि धूम ठोकून मालकाच्याच कोटात शिरलं. ताट आदळणारे हात कुणाचे, एवढंच त्याला ठाऊक होतं. मास्तरांनी हात पुढे केला, तर त्याने भीतीने मालकाच्या मांडीवर मुतून ठेवलं.

"आजोबा, हे या काकांना का घाबरतंय?" नातीने विचारलं.

मालक रुमालाने मांडी पुसत म्हणाला, "जावई म्हणतच होते, मास्तरांचा हात गेला, पहिलं कसब राहिलं नाही म्हणून. मी म्हटलं, एक पिल्लू देऊन बघू, जमलं तर परत बोलावू."

खरं सांगायची सोय नव्हती. मास्तरांनी मान खाली घालून कबूल केलं, हात गेला.