अकरा हजार तीनशे चाळीस

जुन्नरला कॉम्प्युटर क्लास काढल्यापासून एक प्रश्न माझ्या पाठीला चिकटलाय. पोराला पहिल्या दिवशी सोडायला आलेला बाप दारातच विचारतो, "मॅडम, गेम खेळून पोरं बिघडत्यात का वो?" मी "हो" म्हणावं अशी त्याची इच्छा असते, म्हणजे घरी जाऊन पोराच्या पाठीत एक ठेवून द्यायला मोकळा. मी काहीतरी गुळमुळीत बोलते आणि रजिस्टर पुढं करते. खरं उत्तर द्यायचं तर त्याला माझ्या वडिलांची गोष्ट सांगावी लागेल. ती मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही.

आप्पा टेलर होते. बाजारपेठेच्या गल्लीत भाड्याच्या ओट्यावर त्यांचं मशीन असायचं. मी आठवीत होते त्या पावसाळ्यात त्यांना लकवा मारला. जीभ महिन्याभरात सुधारली, पायही काठीच्या आधारानं चालू लागला. उजवा हात मात्र मेल्यासारखा मांडीवर पडून असायचा. डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला आणि दिवसभर दाबत राहा म्हणाले. "मी काय ल्हान पोर हाय का?" म्हणून आप्पांनी तो कॉटखाली ढकलून दिला.

याच सुमारास आमच्याकडे गेम आला. आप्पांचे जुने मित्र नारायणगाव-जुन्नर जीप चालवायचे. मी त्यांना जीपकाका म्हणायचे. त्यांच्या जीपमध्ये कुणीतरी हातात धरून खेळायचा विटांचा गेम विसरून गेलं. काकांनी तो महिनाभर समोर काचेपाशी ठेवला. मालक काही आला नाही, तेव्हा त्यांनी तो मला दिला. वरून वेगवेगळ्या आकाराच्या विटा पडायच्या. डाव्या अंगठ्यानं त्या सरकवायच्या, उजव्या अंगठ्यानं फिरवायच्या आणि ओळ पूर्ण केली की मार्क मिळायचे. आधी आप्पा "ती पिकपिक बंद कर" म्हणून खेकसायचे. मग एका दुपारी हात पुढं करून म्हणाले, "आण इकडं."

डाव्या अंगठ्याचं काम ते लगेच शिकले. उजवा हलेचना. लांब पट्टी उभी आली तर उभीच पडायची, आणि आप्पा नुसते बघत राहायचे. "वळ की गं बया," असं तिला विनवायचे. असे कितीतरी दिवस गेले. थंडी पडल्यावर एका सकाळी ते एवढ्यानं ओरडले की आई पिठाच्या हातानं धावत आली. "वळली! वळली बघ!" आई तिथंच खाली बसली आणि पिठाच्या हातांनीच डोळे पुसू लागली.

त्या दिवशी आप्पांनी स्वतःच एक कायदा केला. गेममध्ये आठ हजार मार्क झाले की कात्री धरायची. डॉक्टर असलं काही म्हणाले नव्हते. पण शिवणाऱ्या माणसाला मापाशिवाय चैन पडत नाही.

आप्पांचं घोडं पाच हजारांवर अडलं. चौदा एप्रिल जवळ येऊ लागला तसे ते चिडचिडे झाले. आमच्या वस्तीत जयंतीला सगळे नवे पांढरे कपडे घालतात आणि ते आप्पांच्याच हातचे असायचे. पहिलं कापड दरवर्षी जीपकाकांचं. शकुन-बिकुन आप्पा मानत नसत, तरी मोसमातली पहिली कात्री मित्राच्या कापडावरच चालवायचे.

एका दुपारी जेवणानंतर खेळता खेळता आप्पांना झोप लागली. गेम थांबवलेला, छातीवर तसाच. गोळ्यांनी त्यांना गुंगी असायची आणि सकाळचं दुपारी आठवत नसे. मी तो अलगद उचलला. आठ हजारांच्या पुढं नेऊन ठेवू, तेवढाच त्यांना धीर येईल, एवढंच माझ्या मनात होतं. पण हात चालू लागल्यावर मला थांबवेना. अकरा हजार तीनशे चाळीसवर डाव संपला. मी गेम परत त्यांच्या छातीवर ठेवला.

जागे झाल्यावर ते आकड्याकडे बघतच राहिले. "हे मी केलं?"

"मग काय! तुमी तर झोपंतसुद्धा खेळता," मी म्हणाले.

आप्पा हसले. आजारी पडल्यापासून मी त्यांना तसं मोकळं हसताना पाहिलंच नव्हतं. त्या हसण्यापुढं मला खरं बोलवेना. घरी आणून ठेवलेल्या मशीनचं लाकडी झाकण त्यांनी उलटं केलं आणि आतल्या बाजूला डाव्या हातानं, मार्किंगच्या खडूनं, तो आकडा लिहिला.

आठवड्याभरात मशीन ओट्यावर गेलं. जीपकाकांनी कापड आणलं, मागोमाग आणखी चौघांनी. आप्पांनी कात्री लावली. सरळ रेघेत चालली, पण डाव्या मुंड्याच्या गोलाईवर, जिथं बाही बसते तिथं, हात वळलाच नाही. कात्री सरळ आत गेली. मी शेजारी उभी होते. आप्पांनी ती चीर डाव्या बोटांनी चाचपली. मग तसंच जोड देऊन त्यांनी शर्ट पुरा केला.

"झ्याक झालाय, राव," काका म्हणाले आणि जयंतीला तोच घालून आले. मिरवणूक आमच्या गल्लीतून गेली. सगळे हात वर करून घोषणा देत होते. काकांनी मात्र डावा हात एकदाही वर केला नाही. आप्पा ओट्यावरून ते बघत होते. बाकीच्या चौघांचं कापड त्यांनी आधीच न कापता परत केलं होतं.

मशीन घरी आलं आणि आप्पा पुन्हा गेम घेऊन बसले. सेल बदलले की गेममधला आकडा पुसला जायचा, पण झाकणावरचा तसाच होता. "एकदा जमलं व्हतं ना? मग आता का जमत न्हाई?" हे त्यांनी मला किती वेळा विचारलं असेल! मी वहीत डोकं खुपसून बसायचे.

दोन वर्षांनी त्यांचे खरे आठ हजार झाले. तोवर ते सुई ओवत होते, माझ्या ड्रेसला काजं करून देत होते. मी आनंदानं म्हटलं, "आप्पा, आठ हजार झालं. धरा आता कात्री."

"आठाचं काय घिऊन बसलीस?" आप्पा म्हणाले. "अकराच्या वर गेलो तवासुद्धा दोस्ताचा शर्ट बिघडला. आता त्याच्या म्होरं गेल्याबिगर कापडाला हात न्हाई लावायचा."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मग तो शर्ट मी बिघडवला असं झालं असतं आणि तेवढी माझी छाती नव्हती. आज सांगू, उद्या सांगू करत मी कॉलेजात गेले. गल्लीत रेडिमेडची दुकानं झाली. जीपकाका दर वर्षी जयंतीच्या आधी कापड घेऊन यायचे, चहा पिऊन ते तसंच परत न्यायचे. मी दुसऱ्या वर्षाला असताना आप्पा गेले. नऊ हजार सहाशेच्या पुढं ते कधीच पोचले नाहीत.

पुढं मशीन पिंपरी पेंढारच्या एका मुलीला द्यायचं ठरलं. ती शिवण शिकत होती. देण्याआधी आई ते ओल्या फडक्यानं पुसायला बसली. तिनं झाकण उलटं केलं आणि विचारलं, "हा आकडा कसला गं?"

मी म्हणाले, "आप्पांचा रेकॉर्ड."

आईनं फडकं पुन्हा पिळलं आणि तेवढी जागा सोडून बाकीचं झाकण पुसून काढलं.