भोक मीच पाडलं

डॉक्टर करीम गेल्याचं मला चौकातल्या फ्लेक्सवरून कळलं. शोकसभेत त्यांना देवदूतही करण्यात आलं. हिंगोलीत उभं आयुष्य पेशंटला भूल देण्यात घालवलेल्या माणसाला भाषणांची ती गुंगी झेपली नसती...

मला आठवतात ते माझ्या लेकीच्या, रोहिणीच्या बाळंतपणातले. सिझरच्या वेळी कण्यात भुलीची सुई त्यांनीच दिली होती. दुसऱ्या दिवशी तिचं डोकं असं दुखू लागलं, की उठवून बसवलं की ती कळवळून आडवी व्हायची. टाक्यांमुळे कुशीवरही वळता येईना. लेकरू वाटी-चमच्यावर. साखऱ्याहून आलेल्या माझ्या थोरल्या बहिणीने, आक्काने, निदान केलं : वारं लागलं. तिने रोहिणीच्या कानांना फडकं बांधलं आणि रिवाजाप्रमाणे पाणी तोडलं.

डॉक्टर आले. "निजलं की थांबतं?" रोहिणीने मान हलवली. मग ते वळले. "आक्का, पाणी काहून बंद केलं?"

"बाळंतिणीचं पोट सुटतंय, साहेब. आमी सगळ्या अशाच उठलो."

"तुमच्या पाठीत कुणी सुई घातली न्हाई. हिच्या पाठीत भोक मीच पाडलं. तिथून मेंदूभोवतीचं पाणी झिरपून राहिलं."

असं कुणाकुणाला होतंच, हे मला नंतर कळलं. ते स्वतः म्हणाले नाहीत.

दोन दिवस सपाट झोप, भरपूर पाणी, गोळ्या, कडक चहा. फरक पडेना. रोहिणी रडत म्हणाली, "बाबा, लेकरू मला वळखायचं न्हाई."

"तिच्याच दंडातलं रक्त पाठीत सोडतो," डॉक्टर म्हणाले. "तिथं गोठलं की भोक बुजतं. कनेरगाव नाक्यावर पंक्चर काढतात तसंच, आक्का."

"आन् न्हाई बुजलं तर?"

"मला शिव्या द्या."

"त्या कवाच दिल्या," आक्का म्हणाली.

रक्त सोडल्यावर रोहिणीला दोन तास निजवून ठेवायचं होतं. डॉक्टरांना नर्सवर सोपवून जाता आलं असतं. हे स्टुलावर बसून राहिले. मग रोहिणीला उशीला टेकवून बसवलं. तिने डोळे गच्च मिटले, थांबली... उघडले. लेकरासाठी हात पुढे केले. डॉक्टर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, लेकरू चुटूचुटू प्यायल्याचा आवाज येईपर्यंत. मग मागे न वळता तसेच बाहेर गेले.

परवा कुणाला तरी भेटायला त्याच खोलीत गेलो. भिंतीला नवा रंग दिलाय. त्या भिंतीशी उभी असलेली डॉक्टरांची पाठ मात्र मला बराबर दिसली.